नवती फुटली की सायला शोधा

अंबड, घनसावंगी, बदनापूर, पैठण: हा मराठवाड्यातला मोसंबीचा पट्टा. ताण (बागेचं पाणी बंद ठेवणं) तोडून पाणी दिलं की मोसंबीवर पोपटी नवती, म्हणजे कोवळी पालवी, फुटते. सायला या रस शोषणाऱ्या किडीची मादी नेमकी हीच वेळ साधते, कारण ती अंडी घालते फक्त कोवळ्या पानांच्या घडीत.

ही फांदी जवळून बघा. तीन-चार मिलिमीटरचा तपकिरी ठिपक्यांचा कीडा डोकं खाली, मागचा भाग वर करून तिरका बसलाय. हीच त्याची ओळख. शेंड्यात पिवळसर पिल्लं आहेत आणि त्यांच्या मागून पांढरे, मेणचट दोरे लोंबतायत.

रस शोषल्याने शेंडे वाळतात, तेवढं भरून निघतं. भीती आहे ती ग्रीनिंग या जिवाणूजन्य रोगाची. रोगट झाडावर वाढलेलं पिल्लू त्याचे जिवाणू अंगात घेतं आणि पंख फुटल्यावर तो रोग झाडोझाड पोचवतं. या रोगावर खात्रीचा इलाज नाही. फ्लोरिडात तो 2005 साली सापडला आणि तिथल्या संत्रा बागा उद्ध्वस्त झाल्या.

पान पिवळं दिसलं की आपण जस्त फवारतो. आधी पेनने मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर गोल काढा. जस्ताच्या कमतरतेत दोन्हीकडचा रंग सारखा असतो. एकीकडे हिरवा, दुसरीकडे पिवळा असेल तर ग्रीनिंगचा संशय धरा आणि पान प्रयोगशाळेत तपासून घ्या.

पाहणी बांधाकडच्या ओळींपासून करा, सायला आधी कडेला उतरतो. फांदीखाली पांढरा कागद धरून काठीने तीनदा ठोका, कागदावर सायला पडतात का बघा. नवती डोळ्यातून बाहेर येतानाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारा: पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर पाण्यात भिजवून गाळा, द्रावण शंभर लिटर करा. पिल्लं वाढलीच तर थायामेथोक्झाम 25 डब्ल्यूजी हे कीटकनाशक, दहा लिटर पाण्याला एक ग्रॅम. पण फुलोऱ्यात अजिबात नको, मधमाश्या मरतात. पानं उलगडून जून झाल्यावर मारलेलं औषध बहुतेक वाया जातं.

रोग पक्का झाला की झाड काढाच. 2012 च्या दुष्काळात टँकरने जगवलेल्या झाडावर कुऱ्हाड चालवताना हात थरथरतो, हे खरं. तरी आधी फवारा, मग तोडा. नाहीतर सायला उडून शेजारच्या झाडावर बसतो. खोडही मुळासकट उपटा, फुटवा राहता कामा नये.

रोप घेताना डोळकाडी (कलमासाठी डोळे घेतात ती काडी) कुठल्या मातृवृक्षाची, आणि तो कीडरोधक जाळीत आहे का, एवढं विचारा.

आणि विहिरीजवळचा कढीपत्ताही बघा. सायला त्याच्यावरही वाढतो.