नुसता पडून असतो, मग त्याला व्यायाम कशाला?

नमस्कार मंडळी. आजचा विषय जरा हटके आहे, आणि कोणी जेवायला बसलं असेल तर आधीच सांगून ठेवतो, मधे उंदरांचा विषय निघणार आहे, हवं तर तेवढ्यापुरता आवाज कमी करा. आपण बोलणार आहोत पाळलेल्या सापांच्या फिटनेसबद्दल. हसू नका हो, खरंच.

मी बोलतोय अमेरिकेतून. इथे आपल्या मराठी घरांतसुद्धा आता साप शिरलेत, म्हणजे रीतसर विकत आणलेले. पोरगं मिडल स्कूलला गेलं की कुत्रा मागतं, आई म्हणते केस कोण झाडणार, मग मांजर मागतं, बाबांना अॅलर्जी निघते, आणि शेवटी तडजोड म्हणून घरात येतो बॉल पायथन, म्हणजे एक छोटा अजगर, नाहीतर कॉर्न स्नेक. दोघंही बिनविषारी, साधारण तीन ते पाच फुटांपर्यंत वाढणारे, स्वभावाने गरीब. (हवाईत राहत असाल तर हा नादच सोडा, तिथे साप पाळायला सरळ बंदी आहे.) आणि पहिले सहा महिने कौतुक झालं की मग सगळ्यांचं एकच वाक्य, अरे हा तर काहीच करत नाही, नुसता पडून असतो.

आता माझं म्हणणं असं आहे की तो आळशी नाहीये, आपण त्याला आळशी करून ठेवलाय. दोन गोष्टींनी, एक म्हणजे त्याची राहायची आखूड पेटी आणि दुसरं म्हणजे भरमसाट खाणं. धावायचं चाक वगैरे काही नको त्याला, या दोन गोष्टी सुधारल्या की व्यायाम तो आपला आपण करतो.

आधी पेटीचं बघू. बॉल पायथन हा मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिन त्या पट्ट्यातला. तिकडे तो दिवसा उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दडून बसतो, आणि यावरून कित्येक वर्षं पाळणाऱ्यांनी सोयीस्कर अर्थ काढला की याला जागा लागतच नाही, प्लास्टिकचा टब पुरे, कपाटाच्या ड्रॉवरसारखे एकावर एक टब रचायचे आणि प्रत्येकात एक साप. पण बिळात झोपणारा प्राणी रात्री बाहेर पडतो की नाही? नायजेरियाच्या दक्षिणपूर्व भागातल्या जंगलातला एक अभ्यास 1998 मध्ये आला होता, त्यात दिसलं की चणीने लहान असलेल्या नरांच्या खाण्यात पक्षी जास्त होते. म्हणजे हे साहेब झाडावरही चढतात, आणि आपण त्यांना टबात ठेवून म्हणतो, चढत नाही बाबा हा.

आणखी एक जुना समज आहे, की सापाला वेटोळं घालूनच बसायला आवडतं, त्यामुळे पेटी त्याच्या लांबीपेक्षा आखूड असली तरी बिघडत नाही. 2019 मध्ये काही संशोधकांनी प्राणिसंग्रहालयातले वेगवेगळ्या जातींचे साप तासभर नुसते बघितले, तर एक तृतीयांशाहून जास्त साप त्या तासाभरात कधी ना कधी सरळ किंवा जवळपास सरळ झाले. दोनशेच्या वर मणके असलेला प्राणी आहे हो, आणि पूर्ण ताणायला जागा नसेल तर ते सगळे स्नायू वापरणार कुठे? म्हणून माझा साधा हिशोब, पेटीची लांबी निदान सापाइतकी तरी हवी. चार फुटी सापाला चार फूट लांब, दोन फूट रुंद, आणि उंची जेवढी देता येईल तेवढी. जागा मोठी झाली की साप घाबरतो, खात नाही, असंही तुम्हाला दुकानात सांगतील. घाबरतो तो मोकळ्या, रिकाम्या जागेला. लपायला दोन-तीन घट्ट जागा, पालापाचोळा, प्लास्टिकची का होईना पण दाट पानं ठेवा, मग बघा रात्री अकरानंतर कसा गस्त घालतो ते. इंग्लंडमध्ये लिंकन विद्यापीठात कॉर्न स्नेकवर असा प्रयोग झालाय, त्यांना साधी पेटी आणि सामानसुमान भरलेली पेटी अशी निवड दिली तर ते भरलेल्या पेटीकडे गेले.

चढायला फांदी द्यायची तर ती सापाच्या जाडीएवढी तरी जाड असावी आणि स्क्रूने पक्की बसवलेली असावी, नुसती टेकवून ठेवलेली नको, कारण बॉल पायथन अंगाने जड, पकड बेताची, धपकन पडतो आणि मग मार बसतो. खूप उंच नको. कॉर्न स्नेक मात्र सर्कशीतला आहे, त्याला कुठेही चढवा.

आणि हो, उष्णता. हा थंड रक्ताचा प्राणी, पेटी गार असेल तर स्नायूच चालत नाहीत, मग तुम्ही कितीही फांद्या लावा. बॉल पायथनला एका टोकाला 31-32 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला 25-26, मग तो दिवसभर इकडून तिकडे सरकत राहतो, हेही चालणंच झालं. थर्मोस्टॅट लावल्याशिवाय हीटर लावू नका, आणि ते गरम होणारे नकली दगड मिळतात ना, ते तर घेऊच नका, पोट भाजतं सापाचं.

आता खाणं. इथेच सगळं घोडं अडतं. आपल्याकडे प्रेम म्हणजे खाऊ घालणं, आणि साप काही नको म्हणत नाही, समोर आलेलं गिळतो. मोठ्या झालेल्या बॉल पायथनला दर आठवड्याला मोठा उंदीर देणारे लोक मी पाहिलेत, आणि वर अभिमानाने सांगतात, खातो छान! अहो, पूर्ण वाढ झालेल्याला दोन-तीन आठवड्यांनी एक, कधी चार आठवड्यांनी, एवढं पुरतं. उंदराची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, त्याहून जास्त नाही. पिल्लांचं वेगळं, त्यांना वाढायचं असतं.

साप जाड झालाय हे कळतं कसं? तो हलत असताना मधोमध बघा. धडधाकट बॉल पायथनचा आकार कापलेल्या पावासारखा असतो, खाली सपाट, वर हलकीशी गोल होत गेलेली पाठ. पाठीचा कणा धारेसारखा वर आला तर उपाशी आहे. उलट अंग एकदम गोल गरगरीत, वळताना कातडीला वळ्या पडतात, खवल्यांच्या मधली कातडी ताणून दिसायला लागली, शेपटीच्या आधी दोन्ही बाजूंना फुगवटे आले, तर चरबी झालीये. सापाची चरबी आत पोटात साठते, यकृतात जाते, आणि बाहेरून फरक दिसेपर्यंत आत बरंच झालेलं असतं. त्यामुळे महिन्यातून एकदा वजन करा, डब्यात ठेवून, डिजिटल काट्यावर. काटा सापाचा वेगळा ठेवा म्हणजे झालं, कणीक मोजायचा नको.

बारीक करायचा म्हणून एकदम उपाशी मात्र ठेवू नका. उंदीर थोडा लहान करा, दोन खाण्यांमधलं अंतर वाढवा, महिने लागतील, लागू देत. आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा, कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला हे जमतंच असं नाही.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. बर्मी अजगर भरपेट गिळून पडला की आपल्याला वाटतं झोपला, पण आत त्याचं इंजिन विश्रांतीच्या चाळीसेक पटीपर्यंत पळत असतं. 2005 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं होतं की खाल्ल्यानंतर दोन दिवसांत त्याच्या हृदयाच्या ठोके देणाऱ्या कप्प्याचं वजन 40 टक्क्यांनी वाढलं. म्हणजे पचवणं हीच त्याची मॅरेथॉन. म्हणूनच खाल्ल्यावर निदान 48 तास आपल्या सापालाही उचलायचं नाही, नाहीतर गिळलेलं सगळं बाहेर काढतो, आणि ते दृश्य, वास... जाऊ दे, कोणीतरी जेवतंय.

त्यानंतर मात्र आठवड्यात दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं हातावर घ्या. धरून ठेवायचं नाही, मधे आणि मागे आधार द्यायचा आणि पुढचा भाग मोकळा सोडायचा, तो एका हातावरून सरकला की दुसरा हात पुढे करायचा, असं चालू ठेवायचं. तुमच्या मनगटाला बरगड्या एकामागून एक सरकताना जाणवतात, पकड घट्ट-सैल होते, आणि सापात जीव किती आहे ते तिथेच कळतं. ओल्या दोरीसारखा लोंबायला लागला तर काहीतरी बिनसलंय. कात टाकायच्या वेळी, डोळे दुधाळ झाले असतील, तेव्हा मात्र राहू द्या त्याला.

भारतातून ऐकणाऱ्यांसाठी, एवढं ऐकून हौस वाटली असेल तर सांभाळून. आपले साप, धामण असो, नाग असो, अजगर असो, 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे घरी ठेवता येत नाहीत. परदेशी जातींचीही आता सरकारकडे नोंदणी लागते, आणि चोरट्या मार्गाने आणलेल्यांचे काय हाल होतात बघा, डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या माणसाकडे बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते.

जाता जाता एक प्रश्न, जो हमखास येतो, बाथटबमध्ये पोहायला सोडू का? साप पोहतात, चांगले पोहतात, पण बॉल पायथनला त्यात मजा येते असं मला तरी वाटत नाही, तो बाहेर पडायला धडपडत असतो आणि आपण म्हणतो बघा कसा पोहतोय. सोडायचंच असेल तर वेगळा प्लास्टिकचा टब घ्या, पाणी कोमट आणि त्याच्या अंगाच्या जाडीइतकंच खोल, आणि समोरून हलायचं नाही. घरातला बाथटब किंवा किचनचं सिंक नकोच, सापाच्या अंगावर साल्मोनेला नावाचा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, नंतर हात साबणाने धुवा, आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला या सगळ्यापासून लांब ठेवा.