जॉबरपासून ग्रुप अ‍ॅडमिनपर्यंत

(दृश्य : चाकणचा तळेगाव चौक, पहिल्या पाळीची वेळ. कंपन्यांच्या बसगाड्या.)

‘नामांकित कंपनीत भरती चालू आहे. आयटीआय, बारावी, डिप्लोमा. बस व कॅन्टीनची सोय. येताना आधार, पॅन, पासबुक आणि मार्कशीटच्या झेरॉक्स आणाव्यात.’

अशा धाटणीचे मेसेज लातूर, नांदेड, बुलढाण्याकडच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडतात. पगार लिहिलेला असतो, पाळ्या लिहिलेल्या असतात, फोन नंबर तर असतोच. बऱ्याचदा कंपनीचं नाव तेवढं नसतं. ते गेटवर पोचल्यावर कळतं. आणि कळलं तरी पगाराच्या स्लिपवर नाव ठेकेदाराचं.

कामावर नक्की घेतो कोण, हा प्रश्न आपल्याकडे गिरण्यांइतका जुना आहे.

(दृश्य : गिरणगावची जुनी छायाचित्रं.)

१८५०च्या दशकात मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली. तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं माणसं निवडायचं काम होतं जॉबरचं. खात्यातल्या यंत्रांवर देखरेख ठेवणारा हाच गडी रत्नागिरीहून, साताऱ्याहून माणसं आणायचा. शक्यतो आपल्या गावची, आपल्या जातीची. त्यांना खोलीत जागा बघून द्यायचा, अडीनडीला पैसे द्यायचा आणि कामाला लावल्याची दस्तुरी घ्यायचा. बायकांच्या खात्यात हीच सत्ता नायकिणीकडे. जॉबरची मर्जी गेली की काम गेलं. त्याला सरसकट खलनायक ठरवायला मात्र मन धजत नाही. या शहरात ज्याला कुत्रंही ओळखत नव्हतं, त्याला वाणी उधार द्यायचा तो जॉबरच्या शब्दावर.

जॉबरची खरी ताकद होती बदलीत. कायम कामगार आजारी पडला, गावी गेला, की तेवढ्यापुरता दुसरा लागायचा. त्या आशेवर माणसं सकाळी गेटवर येऊन थांबायची. कोणाला आत घ्यायचं, ते जॉबर ठरवणार. १९३१ साली कामगारविषयक रॉयल कमिशनने सांगितलं, भरती जॉबरच्या हातातून काढा, लेबर ऑफिसर नेमा. १९३५मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कार्डं आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना कार्ड द्यायचं, आणि तात्पुरत्या जागा भरायच्या त्या त्यांच्यातूनच. जॉबरची वट काही एका कार्डाने गेली नाही. पण गेटवरच्या गर्दीला पहिल्यांदा काहीतरी नियम लागला.

(दृश्य : सरकारी कार्यालय, फायलींचे गठ्ठे.)

मग आलं सरकार. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५मध्ये एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, म्हणजे नोकरीसाठी नाव नोंदवायची सरकारी कार्यालयं, निघाली, पुढे सगळ्यांना खुली झाली. १९५९च्या कायद्याने पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी कंपन्यांनाही रिकाम्या जागा तिथे कळवणं भाग पडलं. तिथलाच उमेदवार घ्या, अशी सक्ती मात्र त्याच कायद्याने टाळली. तरी घराघरांत एम्प्लॉयमेंटचं कार्ड जपून ठेवलं जायचं आणि ‘कॉल’ची वाट बघितली जायची. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी भरतीबाबत सांगितलं, एक्स्चेंजच्या यादीवर थांबू नका, वर्तमानपत्रातही जाहिरात द्या. पुढच्याच वर्षी नोकरी डॉट कॉम सुरू झालं.

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांची गोष्ट थोडक्यात आटपते. तिथे आधी कॅम्पस इंटरव्ह्यू, नंतर ऑनलाइन परीक्षा. टीसीएसने २०१८पासून देशभरच्या नव्या पदवीधरांसाठी एकच परीक्षा ठेवली. बायोडेटा आधी सॉफ्टवेअर चाळतं, मग माणूस. त्यावर तक्रारी पुष्कळ आहेत. तरी ऑफर लेटर येतं ते कंपनीच्या नावाने.

(दृश्य : चाकण एमआयडीसी, शिफ्ट सुटतेय.)

कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर तसं नाही. इथे पोरं एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो ‘कंपनी रोल की कॉन्ट्रॅक्ट?’ मधला माणूस पुन्हा आलाय: लेबर कॉन्ट्रॅक्टर, त्याचा सुपरवायझर आणि मोबाइलमधला ग्रुप अ‍ॅडमिन. खोली बघून देणाराही बऱ्याचदा हाच.

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जायची, आणि काढताना नोटीस, भरपाई द्यावी लागायची. म्हणून २४० भरत आले की कामावरून कमी करून सेवेत ‘ब्रेक’ द्यायचा, हे कामगार वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. महाराष्ट्राने १९७१च्या कायद्यात यावर बोट ठेवलं. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून एखाद्याला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवणं, ही त्यात अनुचित प्रथा ठरवली गेली.

त्यानंतर भरतीचं नवं दार उघडलं ते प्रशिक्षणाचं. २०१३मध्ये कंपनीत काम करता करता शिकण्याची ‘नीम’ योजना आली, २०१६मध्ये अ‍ॅप्रेंटिसला उत्तेजन देणारी केंद्राची योजना, त्यात विद्यावेतनाचा पाव हिस्सा, कमाल १५०० रुपये, सरकारचा. २०२४मध्ये राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, आयटीआयवाल्याला महिना ८००० रुपये. शिकायला मिळतं, हे खरं. काही जण याच वाटेने कायमही होतात. पण अ‍ॅप्रेंटिस कायद्याचं १८वं कलम सांगतं की शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही. त्यामुळे शेजारच्याच मशिनवरच्या कायम कामगाराला जे कामगार कायदे लागू, ते एरवी याला लागू नाहीत.

याला ब्रेक द्यावा लागत नाही. याची मुदत संपते, आणि ग्रुपवर पुढच्या बॅचचा मेसेज पडतो.