दिवेलागण ते पहाट: ‘ऑर्घास्ट’चा प्रयोग

पडद्यावर दिसणारे हे थडगे इराणमधील पर्सेपोलिसच्या डोंगरात कोरलेले आहे. इसवी सनापूर्वी ३३० मध्ये अलेक्झांडरने पायथ्याचे राजवाडे जाळले, तेव्हाही ते इथेच होते. १९७१ च्या शिराझ कला महोत्सवात दिग्दर्शक पीटर ब्रुक आणि कवी टेड ह्यूज यांनी याच जागी ‘ऑर्घास्ट’ हे नाटक सादर केले. त्याचा विषयही आगीचाच, म्हणजे प्रोमिथिअसने देवांकडून चोरलेल्या अग्नीचा होता.

या दोघांनी १९६८ मध्ये लंडनच्या ओल्ड विक नाट्यगृहात रोमन नाटककार सेनेकाचे ‘इडिपस’ केले होते. तिथे कोरसमधील काही नटांना प्रेक्षागृहातल्या खांबांना बांधून उभे केले होते, त्यामुळे शोकाचा आवाज थेट प्रेक्षकांच्या कानाशी येत असे. सेनेकाची नाटके त्याच्या हयातीत रंगमंचावर झाली की नुसती वाचली गेली, यावर अभ्यासकांचे आजही एकमत नाही. ब्रुकने मात्र ती वाणी चार भिंतींतून काढून उघड्या आभाळाखाली नेली.

त्यासाठी ह्यूजने नवी भाषाच घडवली. तिच्यात ‘ऑर्ग’ म्हणजे जीवन आणि ‘घास्ट’ म्हणजे ज्योत. दोन्ही मिळून जीवनाची आग, अर्थात सूर्य. या भाषेबरोबर प्राचीन ग्रीक होती, सेनेकाच्या हर्क्युलिसवरील शोकांतिकेतले लॅटिन होते आणि अवेस्ताही होती, जिच्यातल्या प्रार्थना मुंबईच्या अग्याऱ्यांत आजही म्हटल्या जातात. हे सगळे शब्दशः समजणारा प्रेक्षक मिळणे अशक्यच होते, आणि तशी अपेक्षाही नव्हती. अर्थाआधी नाद पोहोचतो का, हेच पाहायचे होते.

पहिला भाग दिवेलागणीला थडग्यासमोर झाला आणि त्यात उंचावरून आगीचा गोळा खाली सोडण्यात आला. दुसरा भाग जवळच्या नक्श-ए-रुस्तम येथे, राजांच्या कबरी कोरलेल्या कड्याशी, उजाडता उजाडता झाला. त्यात एस्किलसच्या ‘पर्शियन्स’मधील अंश होते. त्या मूळ ग्रीक नाटकात पराभवाने खचलेले दरबारी मृत इराणी राजा दरायसला कबरीतून हाक मारतात, आणि दरायसची खरी कबर याच कड्यात आहे. एवढे नेपथ्य कोणत्या रंगमंचावर उभे करणार? प्रकाशयोजना मात्र नटांच्या हाती नव्हती. सूर्य आपल्या वेळेला उगवणार होता आणि नाटकाला त्याची चाल धरावी लागणार होती.

पुढे १९८५ मध्ये ब्रुकने ‘महाभारत’ही फ्रान्समध्ये आविन्याँजवळच्या दगडाच्या खाणीत केले. तिथेही काही प्रयोग रात्रभर चालत आणि दिवस उगवताना संपत.