काठ धरून चालणारी कयाक

श्रोतेहो, नमस्कार. स्वतःची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी होडी, घ्यावी असे ज्याच्या मनात येते, त्याचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: ही उलटणार तर नाही ना? संथ तळ्यांसाठी बनवलेली हौशी कयाक साधारण ९ ते १२ फूट लांब आणि २८ ते ३२ इंच रुंद असते, तिचा तळ बराचसा सपाट आणि बसण्याची जागा ऐसपैस असते, त्यामुळे नवशिकाही तिच्यात पहिल्याच दिवशी निर्धास्त बसतो. हा निर्धास्तपणा कुठवर खरा आहे, याविषयी मला आज बोलायचे आहे.

उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची मूळ कयाक, सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून, शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाने बेतलेली असे. आपली हौशी कयाक कोणालाही सामावून घेते, आणि त्याची किंमत ती दुसरीकडे वसूल करते. रुंद तळ शांत पाण्यावर डगमगत नाही हे खरे, पण तो पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतो. लाट तिरपी झाली की होडीही तिरपी होते आणि एका मर्यादेपलीकडे कलली की सावरायला फारशी सवड देत नाही. सागरी कयाकच्या पोटात पुढे-मागे हवाबंद कप्पे असतात. हौशी कयाकमध्ये बहुधा मागे एखादाच असतो, पुष्कळदा तोही नसतो.

याचा अर्थ मला कळला तो माझी कयाक काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात मी मुद्दाम उलटवली तेव्हा. सुलटी केली तर ती तुडुंब भरलेली. एक टोक उचलावे तर आतले सारे पाणी दुसऱ्या टोकाकडे धाव घेई, आणि एरवी मी एकटा खांद्यावर घेतो ती जेमतेम २० किलोंची होडी जागची हलेना. पायाखाली जमीन असताना ही गत, मग तळ्याच्या मध्यावर काय होईल? म्हणून प्रत्येक नव्या मालकाने हा प्रयोग, सोबतीला कोणी असताना, एकदा जरूर करावा, असे मी कळकळीने सांगतो.

त्या दिवसापासून सहज पोहून गाठता येईल इतकाच मी काठापासून दूर जातो. लाइफ जॅकेट पायाशी ठेवून उपयोगाचे नाही, ते अंगातच हवे. पाणी थंड असेल तर कपडे उन्हाकडे नव्हे, पाण्याकडे पाहून निवडावेत, कारण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब खेचून घेते आणि अचानक पडलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात श्वासही आवरता येत नाही. वारा असेल तर जाताना त्याच्या समोर जावे, म्हणजे दमून परतताना तो पाठीशी राहतो.

अशी आखूड, रुंद होडी प्रत्येक वल्ह्यागणिक तोंड फिरवते. उपाय सोपा आहे: पाते पावलांशी पाण्यात घालावे, कमरेशी येताच बाहेर काढावे आणि जोर दंडांपेक्षा धड वळवून लावावा. रुंदीमुळे वल्हेही लांब, २२० ते २४० सेंटिमीटरचे लागते.

घरी आणल्यावर ती सावलीत, कुशीवर ठेवावी. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते, आणि गाडीच्या टपावर पट्टे फार आवळले तर तापलेल्या तळाला कायमचा खळगा पडतो. दुसऱ्या तळ्यात नेण्यापूर्वी ती धुऊन पूर्ण वाळवावी, म्हणजे पाणवनस्पती आणि बारीक जीव तिच्याबरोबर तिकडे पोहोचत नाहीत.

काठाशी राहणे ही शिक्षा वाटत असेल, तर एकदा भल्या पहाटे निघून पाहा. कयाकला तरंगायला वीतभर पाणी पुरते, त्यामुळे इंजिनाच्या बोटींना जिथे शिरताच येत नाही, त्या लव्हाळ्यांच्या कडेने ती सरकत जाते. वल्हे आडवे मांडीवर ठेवले की पात्यावरून ओघळणाऱ्या थेंबांचा तेवढा आवाज उरतो, आणि चार हातांवर उभा असलेला बगळा मान वळवून पाहतो, पण उडत नाही.