पायाकडे बघा

जानेवारीतली सकाळ, सात वाजलेत आणि आपण आहोत पुण्याजवळ कवडीपाटला. मुळा-मुठेवरचा हा जुना बंधारा, पाण्याला वास येतोय, फेस आहे, प्लास्टिकच्या पिशव्या अडकल्यात, ते सगळं आहेच, पण त्याच पाण्यात चक्रवाक उतरलेत आणि दगडांवर शेपट्या हलवत धोबी पक्षी पळतायत. बाकी सगळ्यांच्या मोठाल्या लेन्स चक्रवाकांवर. आमचा कॅमेरामन मात्र धोब्यांचे पाय शूट करतोय.

पाय का, सांगतो.

समजा गेल्या हिवाळ्यात इथे पन्नास धोबी मोजले आणि यंदा तीस. वीस कमी झाले, एवढंच कळलं. पण मग ते मेले, की तिकडे उत्तरेत, जिथे ते घरटी करतात, पिल्लंच कमी झाली, की सरळ पलीकडच्या तळ्यावर गेले? आणि हे तीस तरी गेल्या वर्षीचेच आहेत का, कोण सांगणार, सगळे सारखेच दिसतात! नुसत्या मोजणीनं हे सुटत नाही. त्यासाठी एकेका पक्ष्याला ओळख लागते, म्हणजे पायात नंबर असलेली रिंग.

ही आयडिया एका शाळामास्तराची. डेन्मार्कमधल्या व्हिबोर्गचे मॉर्टेनसन. 1890 मध्ये त्यांनी जस्ताच्या रिंगा करून बघितल्या, त्या जड झाल्या, मग 1899 मध्ये हलक्या ॲल्युमिनियमच्या केल्या, त्यावर नंबर कोरला आणि स्टार्लिंगच्या पायात घातल्या. स्टार्लिंग म्हणजे आपल्या भोरडीची चुलत बहीण. आपल्याकडे मोठं काम सुरू झालं 1959 मध्ये, सालिम अलींच्या पुढाकारानं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे. आणि गंमत बघा, पैसे दिले जागतिक आरोग्य संघटनेनं, कारण त्यांना बघायचं होतं की स्थलांतर करणारे पक्षी रोगाचे जंतू आणि गोचिड्या इकडून तिकडे नेतात का. रोगाच्या निमित्तानं का होईना, पक्ष्यांची वही उघडली.

काम कसं चालतं? भल्या पहाटे दोन बांबूंच्या मध्ये इतकी बारीक जाळी लावतात की पक्ष्याला ती दिसतच नाही, तो धडकतो आणि जाळीच्या झोळात अलगद पडतो. मग कापडी पिशवी. पायाच्या मापाची रिंग, खास पकडीनं दाबून बसवलेली, म्हणजे ती फिरली पाहिजे पण निघाली नाही पाहिजे. पंख मोजायचा, वजन करायचं, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की पोटावर हलकी फुंकर मारायची, पिसं बाजूला होतात आणि आत पिवळसर चरबी किती साठलीये ते दिसतं, लांबचा पल्ला मारणाऱ्याची तीच पेट्रोलची टाकी. पिसांवरून वय कळतं. यंदाची पिल्लं किती आणि मोठे किती, यावरून विणीचा हंगाम कसा गेला ते कळतं. जुन्या नंबरवाले किती परत सापडले, यावरून जगले किती याचा अंदाज येतो. (परवानगीशिवाय हे करायचं नाही हं, गच्चीवर जाळी लावायला जाऊ नका.)

पण एका वर्षात काही कळत नाही. त्याच जागी, तितक्याच जाळ्या, तितकाच वेळ, वर्षानुवर्षं. ब्रिटनमध्ये 1983 पासून हे असं चाललंय. तिथेच, त्याच्याही आधी, 1969 च्या वसंतात व्हाइटथ्रोट नावाचा छोटा पक्षी एकदम गायब झाला, चारातले जवळपास तीन परतलेच नाहीत. लोक तिथली कुंपणं आणि झुडपं बघत बसले असते, पण कारण हजारो किलोमीटर लांब निघालं, सहाराच्या दक्षिणेला, साहेल पट्ट्यात पडलेला दुष्काळ. हा पक्षी हिवाळा काढतो तिथे. पुढे सॅन्ड मार्टिनसारख्या पक्ष्यांच्या रिंगांच्या नोंदींमधून पण हेच दिसलं, साहेलात पाऊस कमी तर जगणारे कमी.

म्हणजे इथले धोबी कमी झाले तर दोष कवडीपाटच्या फेसाचाच असेल असं नाही. असूही शकतो म्हणा.

पट्टकदंबांचं, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेल्या हंसांचं, सोपं असतं. मंगोलियात गळ्यात नंबरचा पट्टा घातलेले पट्टकदंब भारतातल्या तळ्यांवर लांबूनसुद्धा वाचता आलेत, त्यामुळे भिगवणला मासे खायला जाल तेव्हा दुर्बीण न्या, आणि पट्टा किंवा रिंग दिसली तर मागे न धावता फोटो काढा, नंबर आणि रंग नीट लिहून घ्या आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा.

धोब्याच्या पायातली रिंग वाचायची म्हणजे मात्र अवघडच.

आत्ता साडेनऊ वाजलेत. बेचाळीस धोबी, चौऱ्याऐंशी पाय, रिंग एकही नाही. कॅमेरामन म्हणतोय, चहा घेऊ आणि पलीकडच्या काठावरचे बघू.