लाल वीज

(रात्र. वॉर्सातला चौक. ट्राम जागच्या जागी उभ्या.)

ही पोलंडची राजधानी वॉर्सा, 30 ऑक्टोबर 2020 ची रात्र. कोरोनामुळे पाचपेक्षा जास्त माणसं जमायला बंदी होती. तरी गर्भपातावरच्या बंदीविरुद्ध जवळपास लाखभर लोक रस्त्यावर उतरले.

(पुठ्ठ्याचा फलक, जवळून.)

ही लाल वीज बघा. आपल्याकडे डीपीच्या पेटीवर असते ना, तशीच. हात लावाल तर झटका बसेल! ओला यासिन्स्का या चित्रकर्तीनं ती 2016 मध्ये काढली. कुणी मास्कवर रंगवलीय, कुणी खिडकीत लावलीय. या मुलीच्या तर गालावरच आहे, कडेनं थोडी ओघळलेली.

(जुनी दृश्यं. पाऊस, छत्र्याच छत्र्या.)

सुरुवात इथे झाली. 3 ऑक्टोबर 2016, काळा सोमवार. गर्भपातावर जवळपास संपूर्ण बंदी घालणारं विधेयक संसदेत आलं होतं. बायकांनी त्या दिवशी काम बंद ठेवलं, काळे कपडे घातले आणि भर पावसात छत्र्या घेऊन उभ्या राहिल्या. तीनच दिवसांत ते विधेयक पडलं, विरोधात 352 मतं. सत्ताधारी ‘कायदा आणि न्याय’ पक्षानंही माघार घेतली.

पण विषय सोडला नाही. संसदेत जमलं नाही ते घटना न्यायाधिकरणातून, म्हणजे कायदे घटनेत बसतात का हे ठरवणाऱ्या न्यायालयातून झालं, आणि तिथले बहुतेक न्यायाधीश याच पक्षाच्या बहुमतानं निवडलेले. 119 खासदारांनी अर्ज केला. 22 ऑक्टोबर 2020 ला निकाल आला: गर्भात गंभीर दोष असला, तरी त्या कारणासाठी गर्भपात घटनाबाह्य. आदल्या वर्षी देशात कायदेशीर गर्भपात झाले होते 1110. त्यातले 1074 याच कारणासाठी. उरलं काय?

(काचिन्स्की, टीव्हीच्या पडद्यावर.)

पक्षप्रमुख यारोस्वाव काचिन्स्की यांनी समर्थकांना चर्चचं रक्षण करायला सांगितलं. तीन दिवसांनी ही गर्दी निघाली ती थेट त्यांच्या घराच्या दिशेनं.

(मेणबत्त्या.)

जानेवारी 2021 मध्ये निकाल लागू झाला. त्याच वर्षी प्श्चिना गावात 30 वर्षांची एक गरोदर बाई सेप्सिसनं, म्हणजे अंगभर भिनलेल्या जंतुसंसर्गानं गेली; गर्भाचे ठोके थांबायची वाट बघत डॉक्टर थांबले होते. 2023 मध्ये पक्षाची सत्ता गेली. गर्भपाताला मदत करणाऱ्यांची शिक्षा काढून टाकणारं विधेयक मात्र जुलै 2024 मध्ये तीन मतांच्या फरकानं पडलं.

मेणबत्त्यांचा हा मोर्चा प्श्चिनातल्या त्या बाईसाठी निघाला होता. फलकावर लिहिलंय, ‘आणखी एकही नको.’