पिशवी काढण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिव, जालन्याकडच्या ऊसतोड जोड्या कारखान्याच्या वाटेला लागतात. त्याआधी आम्हा डॉक्टरांपुढं एखादी बाई हमखास येऊन बसते. "साहेब, पांढरं जातंय, कंबर धरलीय. गर्भपिशवीच काढून टाका एकदाची. तिकडं खाडा पडला की मुकादम पैसे कापतो."

पेशंट स्वतःच मागतोय, मग करायला काय हरकत, असं म्हणणारे आमच्या व्यवसायात आहेत. मला ते मुळीच मान्य नाही. ती बाई आजारापेक्षा खाड्याला भ्यायलेली असते. पांढरं जाणं अनेकदा जंतुसंसर्गामुळे असतं आणि औषधानं बरं होतं. काही वेळा नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. पिशवीबरोबर बीजकोशही (अंडाशय) काढले, तर तिशीतच पाळी गेल्याचे त्रास मागं लागतात, हाडं ठिसूळ होतात. मग मोळी उचलायची कशी?

2019 साली सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. सहांत एक! फडावर ना संडास ना पाण्याची सोय, लहान वयात लग्न, डोक्यावर मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांची उचल, ही कारणं खरीच. पण ऑपरेशनच्या कागदावर सही डॉक्टरचीच असते.

म्हणून चिठ्ठीच्या मागं पिशवीचं चित्र काढावं, बीजकोश कुठं असतात ते दाखवावं. सासू-नवऱ्याला घटकाभर बाहेर बसवून तिलाच विचारावं, "मावशी, तुम्हाला काय वाटतं?" दहा मिनिटं जातात. बाहेर रांग असते, मलाही ठाऊक आहे. तरी ती द्यायलाच हवीत.

पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेणं किंवा देणं 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनं बंद केलंय. 'कट' घेणाऱ्याचा सल्ला पेशंटसाठी उरतच नाही.

आणि बायांनो, ऑपरेशन सांगितलं तर सोनोग्राफीचे कागद मागून घ्या. दवाखान्यातल्या नोंदी मागितल्यावर 72 तासांत द्याव्यात, असं तीच आचारसंहिता सांगते. ते कागद घेऊन अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. त्याचा राग धरण्याचा हक्क पहिल्या डॉक्टरला नाही.